एका खोलीचं घर, दिवस भरत आलेले आणि कोविड पॉझिटिव्ह: घरच्यांना काय सांगायचं?

आशा_पूर्वभाग
सोलापूरच्या पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत घरभेटी असतात. ३७ आठवड्यांची गरोदर बाई पॉझिटिव्ह, ताप १०१, ऑक्सिजन ९७, खोली एक, माणसं पाच. डॉक्टरांना दाखवलंय, पॅरासिटामॉल सुरू आहे. घरचे विचारतात: सिझरच करावं लागेल का, बाळाला अंगावर पाजायचं की वेगळं ठेवायचं, बाळंतपणानंतर शेक-शेगडी करायची का? घरी काय मोजायचं आणि कधी न थांबता न्यायचं, ते नेमकं सांगा.

प्रसूतीकक्ष
नुसत्या कोविडसाठी सिझर करत नाहीत. आईचा श्वास, बीपी, बाळाची स्थिती, आधीचं सिझर यांवर ते ठरतं. मात्र रात्री गाडी कोणाची आणि कुठे जायचं, हे आजच पक्कं करा. सिव्हिल असो की खासगी, निघतानाच फोन करून पॉझिटिव्ह असल्याचं सांगा, म्हणजे तिथे तयारी राहते. गाडी नसेल तर १०८.

ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला की दवाखाना. इतर रुग्णांना ९४ वर घरी ठेवतात, हिला नाही, कारण वारेतून बाळाला जाणारा ऑक्सिजन आईच्याच रक्तातून जातो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने मोजण्याआधी पाच मिनिटं बसवा. हात गार नकोत, नेलपॉलिश नको. डोहाळजेवणाची मेंदी गडद असेल तर न रंगलेलं बोट शोधा. पहिला आकडा लिहू नका, अर्धा-एक मिनिट थांबून स्थिरावलेला लिहा. सोबत श्वासही पूर्ण एक मिनिट मोजा. २४ किंवा त्याहून जास्त भरले तर ऑक्सिजन ९७ दिसत असला तरी दाखवा.

बाळाची हालचाल रोज बघायची. डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर सकाळची वाट बघू नका. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं हेही तसंच. गंभीर कोविडमध्ये लिव्हरच्या आणि प्लेटलेटच्या तपासण्या प्रीएक्लॅम्प्सियासारख्याच (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) बिघडू शकतात, तेव्हा घरी अंदाज बांधू नका.

पॅरासिटामॉल ६५० असेल तर एका वेळी एकच गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नकोच. त्यांनी पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी आधीच आकसू शकते आणि गर्भजलही कमी होतं. घरात कोणाच्या उरलेल्या मोल्नुपिराविर किंवा फॅविपिराविरच्या गोळ्या असतील तर त्या गरोदरपणात पूर्ण वर्ज्य. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला तर नाही म्हणू देऊ नका, पोटावर आवरण ठेवून तो काढतात आणि त्याचं रेडिएशन अगदी थोडं असतं.

दूध_सल्ला
अंगावरच पाजायचं, आणि आईची तब्येत झेपत असेल तर बाळ तिच्याच खोलीत. दुधातून हा आजार बाळाला होतो असं आढळलेलं नाही, उलट त्यातून प्रतिपिंडं मिळतात. भीती आहे ती तोंडा-नाकातून उडणाऱ्या तुषारांची. म्हणून आधी तीन पदरी मास्क, मग साबणाने ४० ते ६० सेकंद हात, मग बाळ. उलटं केलं तर मास्क बसवताना नाकाला लागलेले हात तसेच बाळाला लागतात. पदर तोंडावर घेणं म्हणजे मास्क नव्हे, तोच पदर पाजताना बाळाच्या तोंडावर येतो. उघड्या छातीवर खोकला गेला असेल तरच छाती धुवायची, दरवेळी नाही. बाळाला मास्क कधीच नको, ते गुदमरतं.

पाजून झालं की बाळ सहा फुटांवर. एका खोलीत हे जमत नाही, तेव्हा आईची जागा खिडकीशी करा आणि दार-खिडकी उघडी ठेवा. आडोशाला जाड चादर टांगतात, तिने हवाच कोंडते.

आईला उठवत नसेल तर दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, हा हिशेब २५ अंशांपर्यंतचा आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो धरू नका. लगेच पाजा, नाहीतर फ्रिजमध्ये आत ठेवून २४ तासांत संपवा.

बाळंतीण_देखभाल
शेगडी आणि धुरी बंद, यात तडजोड नको. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ओळखता येत नाही. बाई गुंगत जाते आणि आकडा ९८ च दिसतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी. विड्या वळायची सुपली आणि तंबाखूही त्या खोलीतून हलवा. काढ्यात ज्येष्ठमध असेल तर गरोदरपणी देऊ नका, बीपी वाढतो. पाचवी, बारसं नंतर करता येईल.

बाळंतिणीचा ताप कोविडच्या नावावर टाकून मोकळे होऊ नका. १००.४ किंवा जास्त ताप आणि सोबत घाण वासाचा स्राव, ओटीपोटात दुखणं किंवा छातीत लाल कडक गाठ असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी न्या. बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्ताच्या गुठळीचा धोका जास्त असतो, कोविडने तो आणखी वाढतो. एकच पोटरी सुजली-दुखली, अचानक दम लागला, छातीत कळ आली तर थेट दवाखाना. सव्वा महिना अंथरुणावर पडून राहायला लावू नका, खोलीतल्या खोलीत चालू द्या आणि पाणी भरपूर द्या. पाणी तोडायची पद्धत इथे घातकच.

आशा_पूर्वभाग
बाळाच्या लसी पुढे ढकलायच्या का? आणि बाळाचं काय बघायचं?

दूध_सल्ला
आई पॉझिटिव्ह आहे म्हणून लसी ढकलायच्या नाहीत. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी, दवाखान्यातच घ्या. बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा प्यायला हवं, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसात सहा तरी दुपटी भिजायला हवीत. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, दूध ओढणं सोडणं, काखेत ९९.५ किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडून मलूल होणं, यातलं एकही दिसलं तर बाळ आईच्या छातीशी गुंडाळून लगेच न्या. वाटेतही पाजत राहा.