कत्तलपूर्व तपासणी आणि विश्रांती-कप्पे : मांडणी कशी बदलावी?

प्रश्न : नवा_पर्यवेक्षक

नमस्कार. मांसप्रक्रिया केंद्रात जनावरे उतरवून घेण्याच्या आणि कत्तलीपूर्वी थांबवून ठेवण्याच्या विभागाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. येथे मोठी जनावरे आणि शेळ्या-मेंढ्या दोन्ही येतात. गाड्या रात्री उशिरा पोहोचतात, जनावरे रिकाम्या दिसेल त्या कप्प्यात भरली जातात आणि सकाळी काम सुरू होण्याच्या थोडे आधी पशुवैद्यक सर्व कप्प्यांवरून एक फेरी मारतात. त्या वेळी कप्पे इतके भरलेले असतात की मागच्या जनावरांचे पायही दिसत नाहीत. एखाद्या जनावराबद्दल शंका आली, तर त्याला वेगळे ठेवण्याचा कप्पा अगदी दुसऱ्या टोकाला असल्यामुळे त्याला निरोगी जनावरांच्या मधूनच न्यावे लागते. याखेरीज मोठ्या जनावरांचे मांस गडद आणि चिकट येत असल्याची तक्रार शीतगृहाकडून वारंवार होते.

व्यवस्थापनाच्या मते आणखी काही कप्पे बांधले की सारे मार्गी लागेल. मला तसे वाटत नाही, पण माझे म्हणणे मांडण्यासाठी ठोस आधार हवा आहे. तपासणी नेमकी कोणत्या टप्प्यावर करावी आणि जनावरांना किती वेळ विश्रांती द्यावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : तपासणी_पशुवैद्यक

आपली शंका रास्त आहे. कप्पे वाढवल्याने गर्दी कमी होईल, पण भरलेल्या कप्प्यावरून नजर फिरवण्याला तपासणी म्हणण्याची सवय तशीच राहील.

जनावर आधी शांत उभे किंवा बसलेले असताना आणि मग चालताना, दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. स्थिर असताना श्वासाची गती, रवंथ, लाळ, नाका-डोळ्यांतील स्राव, सूज आणि उभे राहण्याची ढब कळते. लंगडणे, तोल जाणे, मागचे पाय ओढणे या गोष्टी मात्र चालल्याशिवाय कळत नाहीत. चालताना पाहण्याची उत्तम संधी गाडीतून उतरतानाच मिळते, कारण तेव्हा जनावरे एकामागून एक येतात. म्हणून पहिली पाहणी उतरवण्याच्या जागी, पुरेशा उजेडात व्हावी आणि दुसरी कत्तलीपूर्वी कप्प्यात. तपासणी झाल्यापासून २४ तासांत कत्तल झाली नाही, तर ती पुन्हा करावी, हा सर्वत्र मान्य असलेला दंडक आहे. मेंढ्यांच्या बाबतीत कळपापासून अलग उभी राहिलेली मेंढी आधी पाहावी. कळपात राहणारे हे जनावर दुखणे लपवते, पण फार आजारी झाले की मागे पडते.

'कत्तलीनंतर अवयव तपासतोच की,' असे काही जण म्हणतात. ते अपुरे आहे. रेबीज किंवा धनुर्वात झालेल्या जनावराच्या मांसात वा अवयवांत डोळ्यांना दिसेल असे सहसा काहीच सापडत नाही. या रोगांची ओळख जिवंत जनावराच्या वागण्यावरूनच पटते. लाळ्या-खुरकुताची लाळ आणि लंगडणे वेळीच दिसले, तर संसर्ग उतरवण्याच्या जागीच अडवता येतो. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) महत्त्व तर सर्वांत अधिक. एखादे जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर ते शव उघडायचे नाही, कारण हवेच्या संपर्कात जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. अशा वेळी कप्पा बंद करून नमुना घ्यावा आणि संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे.

तापमानाविषयी एक व्यावहारिक सूचना. मोठ्या जनावराचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ४०.५ च्या वर गेल्यास ते संशयित धरतात. मात्र उन्हात लांबचा प्रवास करून आलेल्या जनावराचे तापमान आजाराशिवायही चढते. त्याला सावलीत, पाणी देऊन काही वेळ ठेवावे आणि पुन्हा मोजावे. पहिल्याच आकड्यावर निकाल देऊ नये.

उत्तर २ : मांडणी_अभियंता

संशयित जनावराचा मार्ग हा आपल्या मांडणीतला सर्वांत मोठा दोष आहे. सुदैवाने तो मोठ्या बांधकामाशिवाय दूर करता येतो. विलगीकरण कप्पा उतरवण्याच्या जागेलगत आणावा आणि मार्गिकेत असे फिरते फाटक बसवावे की एका बाजूला लोटले असता जनावर थेट त्या कप्प्यात जाईल. या कप्प्याचे सांडपाणी इतर कप्प्यांतून वाहता कामा नये आणि तेथील खराटा, बादली, बूट वेगळे असावेत. निकाल देणारा माणूस आणि निकाल अमलात आणणारे फाटक यांत अंतर जास्त असले, की 'आता राहू दे, सकाळी बघू' असे होते, हे बहुतेक जुन्या केंद्रांत दिसते.

कप्पे चौकोनी असण्यापेक्षा लांबट, मार्गिकेला तिरपे आणि दोन्ही टोकांना दारे असलेले असावेत, म्हणजे जनावर एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघते. त्याला मागे वळवावे लागत नाही. जमीन खाचा असलेली, न घसरणारी हवी. मार्गिकेच्या भिंती भरीव असाव्यात. जनावरे अंधारातून उजेडाकडे सहज जातात, पण लोंबती साखळी, आडवी जाळी, ओल्या जमिनीवरचे प्रतिबिंब किंवा दाबयुक्त हवेचा फुसफुसाट यांमुळे तेथेच थबकतात, आणि मग कामगाराचा हात काठीकडे जातो. काठी काढून घेण्याआधी ती साखळी काढा.

सुधारणा झाली की नाही हे मोजण्यासाठी पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी रूढ केलेली पद्धत सोपी आहे. शंभर जनावरांत पडणारी एकापेक्षा जास्त नसावीत आणि बधिरीकरणाच्या (कत्तलीआधी बेशुद्ध करण्याच्या) जागी हंबरणारी मोठी जनावरे साधारणपणे तिनांपेक्षा जास्त नसावीत. आपण तोंडी म्हणणे मांडण्याऐवजी हे आकडे व्यवस्थापनापुढे ठेवा.

उत्तर ३ : मांसगुणवत्ता

गडद मांसाबद्दल लिहितो. स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनपासून (ऊर्जेसाठी साठवलेल्या शर्करेपासून) कत्तलीनंतर लॅक्टिक आम्ल तयार होते आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ५.४ ते ५.७ पर्यंत उतरतो. दीर्घ ताण, उपासमार किंवा झुंजीमुळे हा साठा आधीच संपला असेल, तर पीएच ६ च्या वर अडकतो, मांस गडद, कोरडे भासणारे आणि चिकट राहते व लवकर खराब होते.

'जास्त विश्रांती म्हणजे चांगले मांस' हा समज मला मान्य नाही. मोठ्या जनावरांत संपलेला साठा भरून यायला चारा देऊनही काही दिवस लागतात. एका रात्रीत तो भरत नाही. उलट अनोळखी नर एकत्र कोंडले, तर रात्रभर टकरा घेऊन ते उरलासुरलाही घालवतात. आपल्याकडे 'दिसेल त्या कप्प्यात' भरण्याची पद्धत आहे, तिथेच मला कारण दिसते. एका गाडीतला गट शेवटपर्यंत एकत्र ठेवा, शिंगाळ आणि बिनशिंगी, नर आणि माद्या वेगळ्या करा. पाणी प्रत्येक कप्प्यात सतत हवे. मुक्काम लांबला तर चाराही द्यावा. युरोपीय संघाच्या नियमांत ही मर्यादा १२ तासांची आहे.

मुक्काम लांबण्याचा दुसरा तोटा स्वच्छतेचा आहे. उपाशी जनावरांच्या शेणातून साल्मोनेलासारखे जंतू अधिक प्रमाणात बाहेर पडू शकतात, आणि ओल्या, घाण जमिनीवर बसलेल्या जनावराच्या कातडीवरून ते पुढे मांसापर्यंत पोहोचतात. दोन गटांच्या मधे कप्पा धुऊन शक्य तितका वाळू द्यावा. जनावरे आत असताना पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. गाड्यांच्या वेळा कत्तलीच्या वेगाशी जुळवल्यात, तर नवे कप्पे बहुधा लागणारच नाहीत.

नवा_पर्यवेक्षक

सर्वांचे आभार. एक शंका उरते. रात्री पशुवैद्यक हजर नसतात. अशा वेळी उतरतानाची पाहणी कोणी करावी, आणि गाडीतच बसून राहिलेले, उठू न शकणारे जनावर असल्यास काय करावे?

तपासणी_पशुवैद्यक

प्रशिक्षित कामगाराने रात्री फक्त वेगळे काढण्याचे काम करावे. 'पास' म्हणण्याचा अधिकार त्याला नसावा. लंगडे, लाळ गाळणारे, धापा टाकणारे, जखमी, प्रसूतीच्या जवळ आलेले, असे कोणतेही जनावर त्याने विनाचर्चा विलगीकरण कप्प्यात घालावे आणि पशुवैद्यकाला फोन करावा. न उठणाऱ्या जनावराला शुद्धीवर असताना ओढत नेऊ नये. त्याला आहे तेथेच वेदनामुक्त मरण देण्याची सोय आणि ती हाताळू शकणारा माणूस प्रत्येक पाळीत असला पाहिजे. त्याचे मांस वापरायचे की नाही, हा निर्णय त्या माणसाचा नाही.

प्रत्येक कप्प्यावर एक पाटी लावा: गाडी पोहोचल्याची वेळ, जनावरांची संख्या, ती कोठून आली, आणि मालकाने औषधोपचाराबद्दल दिलेली लेखी माहिती. इंजेक्शन दिल्यानंतरचा प्रतीक्षा कालावधी (औषधाचा अंश मांसातून जाईपर्यंत थांबण्याचा काळ) संपला नसेल, तर दिसायला धडधाकट असलेले जनावरही थांबवावे लागते. कप्प्यातून बाहेर पडलेली, वेगळी काढलेली आणि मेलेली जनावरे मिळून पाटीवरच्या संख्येइतकी भरली नाहीत, तर पुढचा कप्पा उघडू देऊ नका.