विषय: रशमोरच्या वाटेवर कुठे थांबावं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन मिनीॲपोलिसहून गाडीने साउथ डकोटातल्या माउंट रशमोरला, डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे चेहरे बघायला, निघतोय. त्यांचं वय 72, गुडघ्यांमुळे दोन तासांच्या वर सलग बसवत नाही. आय-90 महामार्गावर सू फॉल्स शहर सोडल्यावर पाय मोकळे करायला आणि सावलीत डबा खायला बरी जागा कुठे आहे? मिचेल गावातला कॉर्न पॅलेस ठाऊक आहे, त्याच्या पुढचं सांगा.

—

वहिनी, नमस्कार.

सू फॉल्सपासून साधारण दोन तासांवर चेंबरलेन येतं. तिथे 263 आणि 265 या एक्झिटांच्या मधे, मिझुरी नदीच्या काठावर उंचावर रेस्ट एरिया आहे. तिथेच थांबा, आणि हातात चांगला दीड तास ठेवून थांबा. पहिल्या दोन खेपांना आम्ही मुलांना बाथरूमला नेऊन तसेच पुढे गेलो, त्याची अजून हळहळ वाटते.

स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, सावलीतली बाकं, सगळं आहे. उन्हाळ्यात माहितीच्या टेबलावर माणूस असतो, तो नकाशे फुकट देतो. पण खरी बघायची आहे ती आतली नाव. लुईस आणि क्लार्क हे अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेले दोघे 1804 साली ज्या 55 फुटी नावेतून मिझुरीच्या प्रवाहाविरुद्ध निघाले, तिची प्रतिकृती इमारतीत अशी बसवली आहे की अर्धी नाव आत आणि अर्धी भिंतीतून बाहेर. बाहेरच्या टोकाला उभं राहिलं की खाली नदीचं पात्र दूरपर्यंत दिसतं. त्या सप्टेंबरच्या मध्यावर त्यांचा तळ इथेच आसपास पडला होता, भिजलेलं सामान वाळवायला. मुलांना हे सांगा आणि मग नदी दाखवा. पुस्तकातला इतिहास त्यांना एकदम जवळचा वाटतो.

आता दिसतं ते पाणी मात्र लुईस-क्लार्कने पाहिलेलं नाही. खालच्या बाजूला फोर्ट रँडल धरण झालं आणि नदीचा इथे लांबच लांब जलाशय झाला. वरच्या अंगाला क्रो क्रीक आणि लोअर ब्रूल ही दोन आदिवासी रिझर्व्हेशन्स, म्हणजे मूळनिवासींसाठी राखलेले प्रदेश, आहेत. या धरणाने आणि त्यानंतरच्या बिग बेंड धरणाने त्यांची काठची सुपीक जमीन, झाडी, रानमेवा, औषधी वनस्पती पाण्याखाली गेल्या, घरंदारं उचलून वर न्यावी लागली. माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणग्रस्त या शब्दाचा अर्थ मला घरातूनच कळलेला, त्यामुळे त्या कठड्याशी उभं राहिलं की शिवसागर आठवल्याशिवाय राहत नाही. पाणी फार सुंदर दिसतं, पण त्याच्या तळाशी कोणाची शेतं आहेत हेही मुलांना सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बाहेर ‘डिग्निटी’ नावाचा 50 फुटी पुतळा आहे, स्टेनलेस स्टीलचा. शिल्पकार डेल लॅम्फिअर, अनावरण 2016 साली. एक मूळनिवासी स्त्री पाठीमागे चांदण्यांच्या नक्षीची गोधडी पसरून उभी आहे. चेहऱ्यासाठी 14, 29 आणि 55 वर्षांच्या तिघीजणी समोर बसवल्या होत्या म्हणे. गोधडीवर 128 निळे चौकोन आहेत, ते वाऱ्याने हलतात. लाकोटा-डाकोटा या इथल्या मूळनिवासी लोकांत अशी गोधडी मानाने अंगावर घालतात. पूर्वी तो मान रानरेड्याच्या कातड्याचा होता. रानरेडे संपले तेव्हा बायकांनी कापडाचे तुकडे जोडायला घेतले.

दोन व्यावहारिक गोष्टी. पायवाट सोडून गवतात उतरू नका, रॅटलस्नेकच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. आणि वाटेतल्या मर्डो गावाच्या पुढे टाइम झोन बदलतो, घड्याळ एक तास मागे जातं, रात्रीच्या हॉटेलचा हिशेब त्याप्रमाणे धरा.

—

काका, परवाच परतलो.

तुमचं ऐकून चेंबरलेनला थांबलो. दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि दही तिथल्या बाकावरच खाल्लं. वारा इतका की दशमीचा कागद धरून ठेवायला एक माणूस लागत होता. आई नावेच्या टोकापर्यंत माझा हात धरून आल्या. पुतळ्यापाशी मात्र हात सोडून एकट्याच पुढे गेल्या आणि मान वर करून बराच वेळ ती गोधडी बघत राहिल्या. मला म्हणाल्या, “मधली चांदणी आधी शिवली असणार, कडेचे तुकडे मागाहून. आम्हीही मधूनच सुरुवात करायचो.” मग मुलीला जवळ घेऊन पातळाचा धडका भाग कसा निवडायचा, टाका कसा लहान ठेवायचा, हे सगळं तिथे उभ्या उभ्याच सांगितलं.

धरणाचं तुम्ही लिहिलेलं मी मुलीला तिथेच वाचून दाखवलं. तिने विचारलं की त्या लोकांना दुसरी जमीन दिली का. मला नीट सांगता आलं नाही. लायब्ररीतून पुस्तक आणायचं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. तुमच्याकडे काही असेल तर पुढच्या कार्यक्रमाला घेऊन याल का?