टेन्शनच्या गोळीची सवय: कशी कळली, कशी सुटली? अनुभव लिहा

झोपेसाठी, धडधडीसाठी डॉक्टरांनी 'बारीक गोळी' लिहून दिली, थोड्या दिवसांसाठी म्हणून सुरू झाली आणि मग सुटलीच नाही, असं ठाण्या-नवी मुंबईतल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत झालंय. दारूबद्दल लोक आता मोकळेपणाने बोलतात. या गोळ्यांबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्या चिठ्ठीवर आलेल्या असतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, इटिझोलाम, यांपैकी काही तुम्ही किंवा घरातल्या कुणी घेत असाल तर लिहा. नाव नको, गाव पुरे. आणि एक कळकळीची विनंती: हे वाचून कुणीही गोळी एकदम बंद करू नका. ते का, हे खालचा पहिलाच अनुभव सांगेल.

ऐरोली
आयटीत आहे, रात्रपाळी. पॅनिक अटॅक यायला लागले म्हणून अल्प्राझोलाम ०.२५ सुरू झाली. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटलं. मग दुपारी जाग आली की हात थरथरायचे, घाम फुटायचा, आणि गोळी घेतली की थोड्या वेळात सगळं शांत. मला वाटायचं आजार वाढतोय. प्रत्यक्षात आदली गोळी ओसरत असायची. ही शरीरातून लवकर उतरते, म्हणून पुढच्या डोसाच्या आधीच घाबराट सुरू होते, हे मला फार नंतर डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावलं. तोवर ०.५ झाली होती, तीही दिवसातून दोनदा.

सवय लागलीय हे माझ्या पाकिटाने सांगितलं. नाण्यांच्या कप्प्यात स्ट्रिपचे कापलेले दोन चौकोन कायम असायचे. ते नाहीत असं लक्षात आलं तर रबाळ्याला उतरून परत घरी यायचो, मग ऑफिसला कितीही उशीर होवो.

लग्न ठरलं तेव्हा एकदम सोडली. दोन दिवस झोप नाही, कानात शिट्टी, आणि मग आकडी आली. आयुष्यात पहिल्यांदा. आईसमोर. हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी डायझेपामवर आणलं, कारण ती हळू उतरते, आणि मग ती थोडी थोडी कमी केली. वर्ष होत आलं त्यात. लग्न मधेच झालं. होणाऱ्या बायकोला सगळं आधी सांगितलं होतं.

वर्तकनगर, मेडिकलवाला
आमच्या बाजूचं सांगतो. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या एच-वन शेड्यूलमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. लेबलवर लाल चौकट असते. रजिस्टरात पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या ते लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. नियम चांगला आहे. पण चिठ्ठी येते ती प्लॅस्टिकच्या पाकिटात, घड्यांवर फाटलेली, तारीख वाचता येत नाही अशी. "अरे, बीपीच्या गोळ्यांबरोबर टाक ना एक पट्टी." नाही म्हटलं की काका चिडतात आणि पुढच्या दुकानात जातात. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांची रात्र त्या गोळीशिवाय कशी जाते ते त्यांनाच माहीत. पण नवी चिठ्ठी आणा, हे मी सांगतच राहणार.

नेरूळ
सासूबाईंबद्दल लिहिते, त्यांना विचारून. वय ७४. सासरे गेले तेव्हा क्लोनाझेपाम सुरू झाली, ती वर्षानुवर्षं. हळूहळू दुपारभर पेंग, बोलताना नावं न आठवणं, गॅस चालूच राहणं. आम्ही स्मृतिभ्रंशच धरून चाललो होतो. एकदा बाथरूममध्ये पडून मनगट मोडलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या मागवल्या आणि ही एक पट्टी बाजूला काढली. उतारवयात ही गोळी शरीरात जास्त रेंगाळते, तोल जातो, विसर पडतो.

सासूबाईंच्या मनाला हे फार लागलं. "मी काय व्यसनी आहे का गं? सांगितली तेवढीच घेतली मी." आणि ते अगदी खरं होतं. एक गोळी जास्तीची घेतली नव्हती त्यांनी. नेमाने, सांगितली तेवढीच घेऊनही शरीराला सवय लागते. हे घरातल्यांनी आधी समजून घ्या, नाहीतर म्हातारं माणूस शरमेने लपवायला लागतं.

कमी करताना प्रत्येक कपातीनंतर काही रात्री झोप उडायची. मग आम्ही दोघी ओट्यापाशी बसून लसूण सोलायचो, त्या माहेरचं काहीबाही सांगायच्या. माझ्या सासूची मला खरी ओळख तेव्हा झाली. विसरणं सगळं गेलं नाही, वयाचं आहे ते राहिलं. पण पेंग गेली, आणि भिशीचा हिशेब परत त्यांच्याकडे आलाय.

कोपरखैरणे
मी रोज झोपताना अर्धी घेते. अर्धीच. नाही घेतली तर पहाटेपर्यंत टक्क जागी. माझं काही एवढं नाही ना?

कळवा
ताई, तुमचं किती आहे ते डॉक्टरच सांगतील, पण विचारलंत हे फार बरं केलंत. मी अजून गोळी कमी करतोय. मला दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के कमी करायला सांगितलंय, टॅबलेट कटर वापरून. वाईट आठवडा आला तर आहे त्या डोसावर थांबायचं, पण परत वाढवायची नाही. जोडीला समुपदेशन चालू आहे. मूळ भीतीवर काम नाही केलं तर गोळी सुटूनही माणूस तिथेच राहतो. या काळात दारू पूर्ण बंद. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, जीव जाऊ शकतो.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर ठाण्याच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. १९०१ सालचं ते, नाव ऐकून लोक बिचकतात, बिचकू नका. फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, मोफत, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, बीपी-शुगरच्यासुद्धा, आणि आठवडाभर गोळी किती वाजता घेतली ते लिहून ठेवा. डॉक्टरांनी आधी तेच विचारलं मला.