शनिवारचं वाचन: आठवी ते दहावीची मुलं आणि आपण

डी-१०१ (सचिव): नमस्कार मंडळी. १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, आपल्याकडे २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्यानंतरच्या शनिवारी समोरच्या शाळेत आठवी ते दहावीची मुलं आणि पालक यांचं एकत्र वाचन आहे, सकाळी १०.३० ते ११.४५. नावं सोमवारपर्यंत द्या.

ए-६०३: आमची दोन नावं टाका. मुलीला मी आदल्या दिवशी सांगते. आधी सांगितलं तर नाहीच म्हणेल.

सी-२०४ (शाळा ग्रंथपाल): ताई, गाडं अडतं ते इथेच. या वयात मुलांना वाचनाचा कंटाळा असतो असं आपण धरून चालतो. खरं तर त्यांना नको असतं ते वर्गमित्रांदेखत आईबाबांसमोर वाचून दाखवणं. त्यात आदल्या रात्री ‘उद्या यायचंय’ म्हटलं की ते फर्मान होतं. आठ दिवस आधी विचारा, आणि नाही म्हणायची मुभा खरी असू द्या. हो म्हटलं की लगेच मजकूर निवडायला द्या: एक कथा, एक खेळावरचा किंवा विज्ञानावरचा लेख, एक प्रवासवर्णन. तिन्ही नको असतील तर चौथं तिने आणावं. बिल्डिंगमधल्या एखाद्या मैत्रिणीचंही नाव सोबत असेल तर येण्याची शक्यता खूपच वाढते.

ई-४०१: मजकूर आणायचा कुठून? पाठ्यपुस्तक चालेल?

सी-२०४: पाठ्यपुस्तक नको, लगेच अभ्यासाचा शिक्का बसतो. गेल्या वर्षीचे दिवाळी अंक काढा. कथा, लेख, व्यंगचित्रं सगळं एका जागी मिळतं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. दहावीच्या मुलाला ते लहान मुलांचं वाटू शकतं, म्हणून त्याला विचारूनच घ्या. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. १२ मिनिटांसाठी हजार-बाराशे शब्द पुरे, म्हणजे अंकाची अडीच-तीन पानं. मोठी कथा आणली तर ऐन रंगात आली असताना वेळ संपते.

ई-४०१: मुलगा इंग्रजी माध्यमाचा आहे. जोडाक्षराला अडखळतो आणि मग गप्पच बसतो.

बी-३०५ (निवृत्त मराठी शिक्षक): घरी एकदा मनातल्या मनात वाचून घेऊ द्या. तिथे पानं वाटून घेऊ नका, एकाआड एक परिच्छेद वाचा. पानभर एकट्याने वाचायचंय म्हटलं की अडखळणारं मूल चार ओळींतच घाबरतं. आठ-दहा ओळींनी सुटका आहे हे दिसलं की तेच मूल नेटाने वाचतं. ‘दृष्टिकोन’पाशी थांबला तर तोंडातला शब्द काढून घेऊ नका. तीन-चार सेकंद जाऊ द्या. चुकीचा उच्चारला तरी वाक्य पुरं होऊ द्या. अर्थ बिघडत नसेल तर तिथे दुरुस्ती नकोच. संवाद असलेला उतारा घेतलात तर आणखी सोपं, एक पात्र तुमचं, एक त्याचं. बोलण्यातली वाक्यं छोटी असतात आणि सूर आपोआप लागतो.
आणि वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ हे कृपा करून विचारू नका. त्या एका प्रश्नाने सगळ्या वाचनाची तोंडी परीक्षा होते. ‘हा माणूस असा का वागला असेल?’ असं विचारा, आणि आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

बी-१०४: मला मराठी वाचता येत नाही, समजते पूर्ण.

सी-२०४: भाभी, जरूर या. तुम्ही गुजरातीतली दोन पानं वाचा, मुलगा मराठीतली. नुसतं ऐकलंत तरी चालेल. आजी-आजोबा, मोठी बहीण, कुणीही आलं तरी जोडी होते.

एफ-२०२ (पालक-शिक्षक संघ): मांडणी सांगतो. एका हॉलमध्ये वीस जोड्या एकदम वाचू लागल्या की प्रत्येक जण आवाज चढवतो आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून सहा जोड्यांना एक वर्ग. बाकात मोठ्यांचे गुडघे मावत नाहीत, त्यामुळे सतरंज्या. समोरासमोर नाही, शेजारी बसायचं, अंक दोघांच्या मध्ये. झेरॉक्स आणाल तर स्टेपल करा, पंख्याखाली सुटी पानं उडतात.
पहिली १० मिनिटं प्रतिमापूजन आणि स्वागत, पाहुण्यांचं भाषण नाही. मग ३५ मिनिटं वाचन: एक फेरी आपल्या मुलासोबत, दुसरी दुसऱ्याच्या. परक्या काकूंपुढे मुलं जास्त मोकळी बोलतात, म्हणून ही अदलाबदल. नंतर १० मिनिटं गप्पा आणि २० मिनिटं ग्रंथालय, पुस्तक १५ दिवसांसाठी घरी नेता येईल. कपाटांच्या किल्ल्या शुक्रवारीच काढून ठेवतोय. नंबर आणि बक्षिसं नाहीत, कारण पहिला ठरला की शेवटचाही ठरतो.

डी-१०१: मुलांना कामं वाटायची का? वेळ बघणं, सतरंज्या घालणं?

एफ-२०२: हो, पण आलटून पालटून. पहिल्या फेरीत घड्याळ ज्याच्याकडे, तो दुसऱ्या फेरीत वाचणार. नाहीतर लाजरी मुलं पूर्ण वेळ स्वयंसेवकच राहतात.

सी-२०४: दोन विनंत्या. क्लासची शनिवारची टेस्ट असेल तर तिथल्या सरांशी आजच बोला. आणि वाचताना मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका. मोबाइल वर आला की मुलांचा आवाज खाली जातो. फोटो हवाच असेल तर पुस्तकांचा काढा.

ए-६०३: सचिव काका, मघाशी दिलेली आमची नावं तूर्त काढा. गेल्या वर्षीचे दोन दिवाळी अंक टेबलावर ठेवलेत. क्लासहून आली की तिला विचारते आणि उद्या कळवते.