मदत हवी आहे : ‘मॅडमना सांगू नकोस’ म्हणाला, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

एरवी वाचनमात्र असतो, आज अडलोय म्हणून धागा काढला.

मी स्वतः रिकव्हरीत आहे आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात पिअर सपोर्टचं काम करतो. डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. त्यातून गेलेला माणूस म्हणून नवीन आलेल्यांसोबत राहायचं, पहिल्या काही मीटिंगना बरोबर जायचं, तलफ आली की फोन उचलायचा, घरच्यांशी बोलताना शेजारी बसायचं, असं काम. पगारी आहे. दर आठवड्याला कोणाशी काय बोलणं झालं याची नोंद लिहावी लागते.

माझ्याकडे एक मुलगा आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). हेरॉइनवर होता. टर्की काढली (म्हणजे नशा बंद केल्यावरचा त्रास सोसला), डिटॉक्स झालं, त्यानंतर काही महिने छान गेले. परवा भेटला तर उकाड्यातही शर्टाच्या बाह्या तळहातापर्यंत ओढलेल्या. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं, “दादा, घेतली. एकदाच. मॅडमना सांगू नकोस, नाहीतर मी यायचा बंद होईन.”

मॅडम म्हणजे आमच्या समुपदेशक.

सांगितलं तर तो तुटणार, आणि त्याचा विश्वास फक्त माझ्यावर आहे. गप्प बसलो तर उद्या काही झाल्यावर काय तोंड दाखवू? आणि नोंदवहीत काय लिहू? अजून एक, लिहायला जड जातंय पण लिहितो : तो सांगत होता तेव्हा माझ्या तोंडाला ती चव आली. इतक्या वर्षांनी. हे कोणाला सांगायचं असतं का?

प्रतिसाद १

मी डिटॉक्स वॉर्डात काम केलंय. विश्वासाचं नंतर बघू, आधी जीव.

काही आठवडे बंद ठेवलं की शरीराची सहनशक्ती उतरते. माणूस मात्र हाताला सवय असलेल्या जुन्या मापानेच घेतो. त्यामुळे ‘एकदाच घेतली’ हे कायम वापरणाऱ्यापेक्षा सुटलेल्यासाठी जास्त धोक्याचं असतं. त्याला आजच सरळ विचारा : किती घेतली, एकटा होतास का, बरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या होत्या का. या दोन्हींबरोबर श्वास बंद पडण्याची भीती कितीतरी वाढते. जगावंसं वाटत नाही असं काही मनात आहे का, हेही विचारा. विचारल्याने डोक्यात नवं काही शिरत नाही.

घरात निदान एकाला खुणा माहीत हव्यात : हलवूनही जाग न येणं, ओठ निळसर, श्वास अगदी संथ किंवा घरघर. असं दिसलं की आधी रुग्णवाहिका, हाताशी असेल तर नॅलोक्सोन (हेरॉइनसारख्या नशेचा अंमल उतरवणारं औषध), श्वास नसेल तर कृत्रिम श्वास. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं. नॅलोक्सोनने उठला म्हणून सोडून जायचं नाही, त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो आणि हेरॉइनचा अंमल परत चढू शकतो. असा प्रसंग ज्यांच्यासमोर येऊ शकतो त्यांच्या हाताशी हे औषध असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितलंय. तुमच्या केंद्रात ते कुठे ठेवलंय ते आज बघून घ्या.

आणि बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसाठी (हेरॉइनची तलफ आवरायला डॉक्टर देतात ती औषधं) डॉक्टरांकडे नेता आलं तर न्या. ‘गोळी म्हणजे दुसरं व्यसनच’ असं म्हणणारे भेटतील. दोन्ही औषधं २००५ पासून संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण मॅडमना परस्पर सांगू नका. व्यसनी माणूस आयुष्यभर लोकांच्या पाठीमागच्या कुजबुजीतच जगलेला असतो. एकदा विश्वास गेला की पुढच्या वेळी सांगणारही नाही.

प्रतिसाद ३

मी पिअर वर्कर्सची सुपरव्हायजर आहे. प्रतिसाद २शी अर्धी सहमत. परस्पर नको, पण गुपितही नको.

तुमची गल्लत इथे होतेय : तुम्ही स्पॉन्सरसारखा (मदतगटात नव्याला हात देणारा जुना सदस्य) विचार करताय. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा दारू सोडणाऱ्यांचा मदतगट, १९३५ मध्ये सुरू झालं, दोन दारुडे एकमेकांशी बोलले त्यातून. तिथल्या स्पॉन्सरला पगार नाही, नोंदवही नाही, तो कोणाला बांधील नाही. तुम्ही टीमचा भाग आहात. टीममध्ये काय सांगितलं जातं हे पहिल्याच भेटीत समोरच्याला सांगायचं असतं. तुमच्या केंद्राने ते शिकवलं नसेल तर तो केंद्राचा ढिसाळपणा.

आता त्याला म्हणा, “ही गोष्ट मी पोटात ठेवू शकत नाही. तू सांग, मी शेजारी बसतो. जमत नसेल तर तुझ्यासमोर मी सांगतो.” निवड त्याची, पण ‘सांगायचंच नाही’ हा पर्याय त्यात नाही. आजच्या आज.

त्याआधी मॅडमना नाव न घेता विचारून ठेवा की स्लिप झालेल्याचं इथे काय करतात. काही ठिकाणी सरळ नाव काढतात. तसं असेल तर पोराची भीती खोटी नाही, आणि मग भांडण तुम्हाला त्या नियमाशी करायचंय. ताप परत आला म्हणून कोणी पेशंटला हाकलत नाही.

नोंदीत फक्त घडलेलं : ‘वापर झाल्याचं स्वतःहून सांगितलं, एकटा होता, धोक्याबद्दल बोलणं झालं.’ ‘पुन्हा बिघडला’ वगैरे शेरे नकोत.

तोंडाला चव आली ते तुमच्या सुपरव्हायजरला आणि तुमच्या स्वतःच्या स्पॉन्सरला सांगायचं. दोघांनाही. या कामात ते होतंच, त्यात लाज नाही. पण त्या मुलासमोर मात्र नाही, त्याच्या ताटात आपलं वाढायचं नसतं.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल बसलो त्याच्याबरोबर. एकटाच होता, बरोबर झोपेची गोळीही घेतली होती. हे मी विचारलं नसतं तर कळलं नसतं. आधी चिडला, उठून दारापर्यंत गेला, मग म्हणाला, “तू बस, मी सांगतो.” मॅडमनी नाव काढलं नाही, डॉक्टरांची वेळ घेतली. माझ्या स्पॉन्सरशीही बोललो.

नॅलोक्सोन आहे, पण कपाटाला कुलूप आणि रात्रपाळीला किल्ली नसते. हे लेखी कोणाकडे मांडायचं, प्रतिसाद १ आणि ३, सांगाल का?