फॉलोअर्स हायत, पण बोलत कोणच नाही, काय करायचं?

वडगावचा साडीवाला: आमचं साड्यांचं दुकान हाय, इन्स्टावर ४ हजारच्या वर फॉलोअर्स, रोज एक रील टाकायलोय पण कमेंटमध्ये नुसतं 'प्राइस?' आणि आम्ही म्हणायचं 'डीएम करा' (म्हणजे खासगी मेसेज), पुढं सगळं गप्प. रील जास्त लोकांना दिसावी म्हणून बूस्टला पैसे घालू काय?

खानापूरची ताई: दादा बूस्ट राहूदे, आधी किंमत तिथंच सांगा की ओ! दुकानात गिऱ्हाईक आलं तर 'बाहेर ये मग सांगतो' म्हणता काय? मी घरी कुंदा (खव्याची मिठाई) करून विकते, एकीनं विचारलं बाहेरगावी पाठवला तर किती दिवस टिकतो, मी खव्याचं सगळं समजावून सांगितलं आणि ते उत्तर वर पिन केलं (३ कमेंटा पिन करता येतात), आता तोच प्रश्न रोज येत नाही. कन्नडमध्ये विचारलं तर कन्नडमध्येच उत्तर द्या, मोडकंतोडकं चालतंय.

निपाणीकर: ताईंचं बरोबर. आणि ते 'थँक्यू डिअर' तेवढं बंद करा, मशीन बोलल्यासारखं वाटतंय. स्टोरीत पोल लावा, इरकलीला काठ लाल की हिरवा, पण मग जिंकलेला काठ खरंच दुकानात आणा, नाहीतर पुढच्या वेळी कोण बोट लावणार?

वडगावचा साडीवाला: खरं सांगू, कमेंटा भाचा बघतोय, तो कॉपीपेस्ट करतोय वाटतं 😅 आजपासून मीच बसतो.

खानापूरची ताई: बसा. आणि माझ्या मागच्या आठवड्यातल्या कमेंटला पण उत्तर द्या!