एन स्केल मॉडेल रेल्वे: छोटं शंटर पॉइंटवर येऊन थांबतं, काय करू?

रूळवेडा: एन स्केलच्या (१:१६०) मॉडेल रेल्वेचा लेआउट करतोय, एक ओव्हल आणि आत दोन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). मोठं डिझेल इंजिन सगळीकडे मस्त पळतं पण चार चाकांचं शंटर (डबे इकडून तिकडे हलवणारं छोटं इंजिन) पॉइंटवर, म्हणजे रूळ दोन वाटांत फुटतात तिथे, आलं की जागीच थांबतं, बोटाने जरा ढकललं की परत सुरू. रूळ पुसले, चाकं पुसली. वेगात सोडलं तर पार होतं, पण शंटिंगची सगळी मजा हळू चालवण्यातच आहे ना! पॉइंटचा मधला भाग प्लास्टिकचा आहे. इंजिन बदलू की पॉइंट?

सायडिंगवाला: पॉइंट. तो प्लास्टिकचा भाग म्हणजे फ्रॉग, तिथे दोन बाजूंचे रूळ एकमेकांना छेदतात म्हणून शॉर्ट होऊ नये यासाठी करंटच दिलेला नसतो. मोठ्या इंजिनाची चाकं लांबवर पसरलेली, एखादं फ्रॉगवर गेलं तरी बाकीची करंट घेत राहतात. शंटरची एका बाजूला दोनच चाकं, त्यातलं एक फ्रॉगवर गेलं की सगळं दुसऱ्यावर, आणि नेमकं त्याखाली धुळीचा कण असला की संपलं. धातूच्या फ्रॉगचा पॉइंट घ्या आणि मायक्रोस्विच लावून फ्रॉगला करंट द्या, म्हणजे पॉइंट फिरला की फ्रॉगची पोलॅरिटीपण (प्लस-मायनस) फिरेल.

नऊ_मिलिमीटर: दादा थांबा, खर्च करायच्या आधी मल्टिमीटर लावून बघा. बऱ्याच पॉइंटमध्ये हलणाऱ्या पात्याला करंट मिळतो तो फक्त शेजारच्या रुळाला टेकून, तिथे मळ बसला की पूर्ण पातंच मेलेलं असतं आणि दोष मात्र फ्रॉगला जातो. रूळ जोडणाऱ्या जॉइनरवरही विसंबू नका, पॉइंटच्या तिन्ही बाजूंना फीडर वायर (रुळाला थेट करंट देणारी) सोल्डर करा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालेल, सँडपेपर अजिबात नको, ओरखड्यांत मळ अजून साचतो. आणि एक लक्षात घ्या, एचओ (१:८७) या मोठ्या स्केलवरून एन वर आलो की लांबी निम्म्याच्या आसपास होते पण वजन साधारण सहापट कमी होतं. चाक रुळावर दाबलंच जात नाही, म्हणून एचओत चालून जाणारा मळ इथे गाडी अडवतो.

वाफाळ: डीसीसी (रुळातून डिजिटल सिग्नल देऊन इंजिन चालवायची पद्धत) वापरत असाल तर इंजिनातल्या डिकोडरला (तो सिग्नल वाचणारं सर्किट) कीप अलाइव्ह कपॅसिटर लावता येतो, करंट क्षणभर तुटला तरी इंजिन चालू राहतं, पण एनच्या शंटरमध्ये तेवढी जागाच नसते, मग एक मालडबा कायमचा जोडून त्यात बसवायचा. त्याच डब्याच्या चाकांवरून करंटपण घ्या, हे साध्या डीसीवरही चालतं आणि मला तरी सगळ्यात भरवशाचं वाटतं.

रूळवेडा: मीटर लावला, एका पात्याला करंट मध्येच येतोय मध्येच जातोय! तिथे वायर सोल्डर करतो. पण दुसरा पॉइंट धातूच्या फ्रॉगचाच घेईन म्हणतो, त्याला अजून काही करावं लागतं का?

सायडिंगवाला: फ्रॉग आणि त्याच्या पुढचे आतले दोन रूळ एकमेकांना जोडलेले असतील तर त्या दोन्ही रुळांच्या टोकाला प्लास्टिकचे जॉइनर लावा, आणि फीडर त्यांच्या पलीकडे. नाहीतर पॉइंट फिरवला की शॉर्ट.